अभ्यासही, गेमही: साठ-सत्तर हजारांत लॅपटॉप निवडताना

२०२४च्या ऑगस्टमध्ये बहिणीच्या मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात बार्शीहून बहिणीचा फोन आला. "लॅपटॉप तू बघून दे. सत्तर हजारांच्या वर जायचं नाही. चार वर्षं टिकला पाहिजे. आणि तो त्यावर गेम खेळणार हे मला माहीत आहे, त्यावरून त्याला बोलू नकोस."

इतकं स्पष्ट सांगितलं की निवड निम्मी होऊन जाते. बहुतेक घरांत गेमचं नावच काढत नाहीत. अभ्यासाला हवाय एवढंच सांगून लॅपटॉप येतो, सहा महिन्यांत मुलगा हिरमुसतो आणि एवढे पैसे घालून वर तक्रार का, म्हणून वडील चिडतात. म्हणून दोन्ही गरजा आधीच मोकळेपणाने बोलून घ्याव्यात.

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. दोघांचीही किंमत ६९ हजारांच्या आसपास. पहिला सडपातळ, हातात घ्यायला हलका, आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०५०. दुसरा जाडजूड, मागच्या बाजूला मोठ्या जाळ्या, आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड तेच, आरटीएक्स ४०५०. भाच्याने क्षणात हिशेब केला. "मावशी, पहिला घेऊ. पैसे तेवढेच, त्यात आय७ आणि दुप्पट रॅम. कार्ड तर सेमच आहे."

कार्ड सेम नव्हतं. नाव तेवढं सेम होतं. लॅपटॉपच्या खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून हे नीट समजावून सांगते.

कार्ड एक, वॅट वेगळे

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे जवळपास पावणे एकवीस लाख ठिपके. गेम डोळ्यांना सलग वाटायला चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावं लागतं. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या घरात ठिपक्यांचा रंग ठरवायचा असतो, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, समोर भिंत आहे की धूर, हे गणित मांडायचं असतं. या कामाला वीज लागते आणि लागलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर टाकायला पंखे, तांब्याच्या नळ्या आणि जागा हवी.

आता लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीपुढे पर्याय असतो. लॅपटॉप पातळ करायचा असेल तर मोठे पंखे बसत नाहीत, म्हणून कार्डाला वीज कमी द्यायची. आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने दिलेली आहे. चिप तीच, नाव तेच, डब्यावरचं स्टिकरही तेच. कंपनीने तिला किती वीज द्यायचं ठरवलं, यावर ती किती काम करणार ते ठरतं. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली, पण व्होल्टेज पडलं तर पाणी टाकीपर्यंत चढत नाही, हे आपल्याकडे शेतावर सगळ्यांना माहीत असतं. लॅपटॉपच्या बाबतीत तोच प्रकार नावाच्या आड दडलेला असतो.

आमच्या समोरच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये ४०५०ला ४५ वॅट मिळत होते, जाड्यामध्ये ९५. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट वेग असं मात्र समजू नका. ३५वरून ७०वर जाताना गेममध्ये फरक ठळक जाणवतो. ९०वरून ११५वर जाताना तो किंचित उरतो. म्हणून माझा साधा नियम असा: ४०५०ला ७५-८० वॅटच्या पुढे मिळत असतील तर पुरे, आणखी वॅटसाठी जास्त पैसे मोजू नयेत. चाळीस-पंचेचाळीस मिळत असतील तर तो लॅपटॉप गेमसाठी म्हणून घेऊ नये. हलकेपणासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, रोज लोकलने किंवा बसने ये-जा करणाऱ्याला तोच बरा पडेल.

हा आकडा सापडतो कुठे? कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात ग्राफिक्सच्या खाली बारीक अक्षरांत 'मॅक्स टीजीपी' असं लिहिलेलं असतं. काही कंपन्या लिहीतच नाहीत. मग दुकानात डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडायचं, 'सिस्टिम इन्फर्मेशन'वर जायचं, तिथे 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर'समोर आकडा असतो. तेही जमलं नाही तर चार्जर उलटा करून वाचा. प्रोसेसर आणि कार्ड मिळून जेवढी वीज खातात, त्याहून मोठा चार्जर कंपनीला द्यावाच लागतो. चार्जर १२० वॅटचा असेल तर आतल्या कार्डाची उपासमार आहे असं समजावं, आणि २०० किंवा २३० वॅटची वीट मिळत असेल तर कार्डाला पोटभर मिळतंय असं धरून चालायला हरकत नाही.

आधी गेमची यादी

हे सगळं बघायच्या आधी एक काम करावं, ते आम्ही रिक्षात बसूनच केलं होतं. भाच्याला विचारलं, नेमकं काय खेळणार? त्याने नावं घेतली: व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५, आणि जमलं तर सायबरपंक २०७७.

यातले पहिले तीन एका वर्गात मोडतात. व्हॅलोरंट मुद्दामच साध्या कॉम्प्युटरवर चालावा असा बनवलेला आहे. सेकंदाला १४४ फ्रेमसाठी, म्हणजे १४४ वेळा नव्याने काढलेल्या चित्रासाठी, कंपनी जे कार्ड सुचवते ते जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ सालचं. जीटीए ५ पीसीवर आला २०१५मध्ये. असे गेम खेळायचे असतील तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरजच नाही, प्रोसेसरमध्येच असलेलं चांगलं ग्राफिक्स पुरतं. सायबरपंकचं तसं नाही. त्याची किमान अपेक्षाच सहा जीबीचं जीटीएक्स १०६०, १२ जीबी रॅम आणि एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क) अशी आहे.

म्हणून यादी करा आणि त्यातला सगळ्यात जड गेम कुठला ते पाहा. यादीत फक्त हलके गेम असतील तर दहा-पंधरा हजार वाचतात, वजन कमी होतं, बॅटरी जास्त टिकते. मुलगा फक्त व्हॅलोरंट खेळतो आणि वडिलांनी कर्ज काढून मोठं कार्ड घेतलं, असं व्हायला नको.

व्हॅलोरंटबद्दल एक बारीक गोष्ट: विंडोज ११वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. नव्या लॅपटॉपवर ते असतंच. जुना घेताना बघून घ्या.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

दुकानदार म्हणतो, "मॅडम, आय७ आहे," आणि आपण आय५च्या वरचा म्हणून खूश होतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असाच आय७-१२५५यू घेतला, व्हिडिओ एडिटिंगसाठी. तिच्या मैत्रिणीकडे आय५-१२४५०एच होता, किंमत कमी. एडिटिंग मैत्रिणीचं लवकर संपायचं.

कारण नावाच्या शेवटी आहे. यू म्हणजे १५ वॅटवर चालायला बनवलेला, एच म्हणजे ४५ वॅटवर. इथेही पुन्हा वॅटच. शिवाय आय५, आय७ बनवणाऱ्या इंटेलच्या १२व्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग असतात, जड कामाचे मोठे आणि किरकोळ कामाचे छोटे. १२५५यूमध्ये दहा कोअर आहेत, पण मोठे दोनच, बाकी आठ छोटे. १२४५०एचमध्ये एकूण आठ, पण मोठे चार. "दहा कोअर" हे ऐकायला भारी वाटतं, पण नांगराला दोनच बैल आहेत.

यू वाईट नाही. ऑनलाइन तास, एक्सेल, कोडिंगचे पहिल्या दोन वर्षांचे प्रॅक्टिकल, सिनेमा, यासाठी यू उत्तम. तापत नाही, पंखा ओरडत नाही, बॅटरी पुरते. गेम किंवा एडिटिंग रोजचं असेल तरच एच किंवा इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिचा एचएस बघायचा.

एएमडीचा घोळ वेगळा आहे. त्यांच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा बघायचा, तो आतली रचना किती जुनी ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू: तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ही २०१९ची रचना. रायझन ५ ७५३५एचएस: तिसरा ३, म्हणजे झेन ३च्या घराण्यातला. ७६४०एचएस: तिसरा ४, झेन ४. तिन्हींवर 'रायझन ५' लिहिलेलं असतं, तिन्ही ७०००चे. पण ७५२०यूमध्ये चार कोअर आणि त्याच्या आतल्या ग्राफिक्सला जेमतेम दोन युनिट. त्याच मालिकेतल्या रायझन ७ ७७३५एचएसच्या ग्राफिक्समध्ये बारा. ७५२०यूचा लॅपटॉप स्वस्तात मिळतो, पत्रं लिहायला, बिलं करायला, शाळेच्या पोरांना चालेल. गेमसाठी कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडून बाहेर पडावं.

रॅमच्या दोन पट्ट्या

रॅम किती हे सगळे विचारतात. ती किती पट्ट्यांमध्ये आहे हे विचारणारे फार थोडे. रॅम आणि प्रोसेसर यांच्यात रस्ता असतो. एक पट्टी म्हणजे एक लेन, दोन पट्ट्या म्हणजे दोन लेन. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमच्या एका पट्टीवरून सेकंदाला २५.६ जीबी माल जाऊ शकतो, दोन लावल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तर हा फरक जिवाचा आहे, कारण तिथे ग्राफिक्ससुद्धा हीच रॅम वापरतं. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सची एक खूण सांगते. अशा प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोजमध्ये ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' असं दिसतं. दुसरी पट्टी घातली की तिथेच 'आयरिस एक्सई' उमटतं. चिप बदललेली नसते, रस्ता रुंद झालेला असतो.

दुकानात बघायला सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं दिसतं. आमच्या जाड्या लॅपटॉपवर '१ ऑफ २' होतं: आठची एक पट्टी बसवलेली, एक जागा रिकामी. मला तेच हवं होतं. ८ जीबीचा लॅपटॉप ऐकून भाच्याचा चेहरा पडला होता, पण रिकामी जागा असेल तर आठ म्हणजे शेवट नव्हे. उलट काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे जे घ्याल तेच चार वर्षं, म्हणून अशा लॅपटॉपमध्ये १६च्या खाली जाऊच नये.

त्या संध्याकाळी आम्ही डीडीआर५ची आठ जीबीची पट्टी वेगळी आणली, अडीच हजारांच्या आत. घरी जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून लॅपटॉप पालथा ठेवला. मागचे स्क्रू काढून वाटीत ठेवले. ते सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कुठला कुठे होता ते आधी कागदावर काढलं. जुन्या एटीएम कार्डाची कड घालून झाकण फटीफटीने सोडवलं. आधी बॅटरीची पिन काढली. पट्टी तिरपी धरून खाचेत सारायची, सोनेरी दात दिसेनासे झाले की वरून हलकेच खाली दाबायचं. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजतात. भाच्याने ते स्वतः केलं. लॅपटॉप चालू केला आणि पडदा काळाच. तो घाबरला. डीडीआर५ नव्याने घातली की पहिल्या वेळी लॅपटॉप ती तपासून बघतो, त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागतं. तेवढं थांबलो, मग कंपनीचं चिन्ह आलं आणि टास्क मॅनेजरमध्ये '२ ऑफ २'.

हे करण्याआधी वॉरंटीचं विचारून घ्या. काही कंपन्या ग्राहकाने झाकण उघडलेलं चालवून घेतात, काही सर्व्हिस सेंटरमध्येच बसवा म्हणतात. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. आणि एक बदल लक्षात घ्या: २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरी प्रचंड प्रमाणात उचलू लागली. त्यामुळे "आठ घे, बाकी नंतर टाकू" हा माझा जुना सल्ला आता डोळे झाकून देत नाही. घेण्याच्या दिवशी सुट्या पट्टीचा भाव बघा, आणि १६ जीबीच्या मॉडेलचा फरक त्याहून कमी असेल तर तेच घ्या.

कार्डाची स्वतःचीही रॅम असते, तिला व्हीरॅम म्हणतात, आणि ती कधीच वाढवता येत नाही. गेममधल्या भिंती, कपडे, झाडं यांची चित्रं तिथे ठेवलेली असतात. ४ जीबी आज जड गेमना अपुरी पडते, मग खेळता खेळता चित्र अडखळतं किंवा भिंती पुसट दिसतात. ६ जीबी ही माझ्या मते किमान मर्यादा आहे आणि बजेट ताणून ८ जीबीचं ४०६० किंवा ५०५० मिळत असेल तर ताणावं. आरटीएक्स २०५० या नावाला मात्र भुलू नका. त्यात ४ जीबी, आणि तीही ६४ बिटच्या अरुंद वाटेवर. त्याच्या शेजारचं ४ जीबीचं ३०५० घेतलं तरी वाट १२८ बिटची मिळते.

पडदा, ज्याकडे कुणी बघत नाही

चार वर्षं आपण प्रोसेसर बघत नाही, पडदा बघतो. तरी खरेदीत तो सगळ्यात शेवटी येतो, आणि स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या पैसे वाचवतात ते नेमके तिथे. तपशिलात '१४४ हर्ट्झ' मोठ्या अक्षरांत असतं, म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. चांगली गोष्ट. त्याखाली '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक लिहिलेलं असतं. याचा अर्थ, दाखवायला हवेत तेवढे रंग हा पडदा दाखवूच शकत नाही. '१०० टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर पडदा नीट आहे.

मी फोनमध्ये एक फोटो ठेवलाय, घरच्या गौरीच्या आरासाचा. हळदी-कुंकवाचा करंडा, हिरवा खण, पिवळी शेवंती. दुकानात तो दोन्ही लॅपटॉपवर पाठवून शेजारी शेजारी लावला. एकावर कुंकू कुंकवासारखं लाल, दुसऱ्यावर विटकरी, आणि खणाचा हिरवा धुतलेल्या कपड्यासारखा उडालेला. आकडे वाचून कुणाला काही कळत नाही, कुंकू बघून लगेच कळतं. खरं सांगायचं तर पडद्यात सडपातळ लॅपटॉप सरस होता. जो मुलगा डिझाइन, आर्किटेक्चर किंवा फोटोग्राफी शिकणार आहे, त्याच्यासाठी मी पडद्याला पहिलं प्राधान्य देईन आणि कार्डात तडजोड करेन. भाचा मेकॅनिकलचा, त्याला चाललं.

उजेडाचा आकडा निट्समध्ये असतो. २५० निट्स खोलीत पुरतात. खिडकीजवळ किंवा कॉलेजच्या व्हरांड्यात बसणार असाल तर ३०० तरी असावेत.

उन्हाळा आणि वीज

लॅपटॉपचे परीक्षण करणारे व्हिडिओ बहुतेक वेळा एसीच्या खोलीत केलेले असतात. चिप आपल्या भोवतीच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त तापते. खोली २४ अंशांवर असताना चिप ८५ अंशांवर जात असेल, तर ३८ अंशांच्या खोलीत ती थेट १००च्या आसपास पोहोचते आणि तिथे ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. अकोला, चंद्रपूर, नागपूर, जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी हे रोज घडतं. मुलांना वाटतं लॅपटॉप खराब झाला. तो खराब झालेला नसतो, गुदमरलेला असतो. म्हणून आपल्याकडे जाड, मोठ्या जाळ्यांचा लॅपटॉप हा दिसायला ओबडधोबड असला तरी जास्त शहाणपणाचा. गादीवर ठेवून खेळू नका, हवा खालून ओढली जाते. मागच्या बाजूला पेनाएवढी उंची दिली तरी काही अंश उतरतात. आणि वर्षातून एकदा आतली धूळ साफ करून घ्या.

बॅटरीचं म्हणाल तर गेम बॅटरीवर खेळायचाच नसतो. बॅटरी एवढी वीज एकदम देऊ शकत नाही, म्हणून चार्जर काढला की फ्रेम झपकन पडतात. ज्या गावात रोज लाइट जाते तिथल्या मुलाने हे धरूनच चालावं. अभ्यासासाठी हिशेब सोपा आहे: ५७ वॅट-तासांची बॅटरी, ब्राउझर आणि वर्डमध्ये बारा वॅट लागत असतील तर साडेचार-पावणेपाच तास. यासाठी मोठं कार्ड बंद राहायला हवं, 'हायब्रिड' किंवा 'इको' मोडमध्ये ते होतं. लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होत असेल तर कॉलेजला मोठी वीट न्यायची गरज नाही, ६५ वॅटचा छोटा चार्जर पुरतो. वजनाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे, कारण असे लॅपटॉप सव्वादोन किलोंच्या पुढे जातात आणि वीट वेगळी.

एसएसडीबद्दल थोडक्यात. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, ती चोरी नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे. मोठे गेम एकेक शंभर जीबीच्या वर जातात, त्यामुळे ५१२च्या खाली नको. दुसऱ्या एसएसडीची जागा रिकामी आहे का ते विचारा.

जुना घ्यावा का?

बजेट तीस हजारांच्या आत असेल आणि गेम नको असेल, तर कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप फार चांगले. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० हे माझं आवडतं उदाहरण, २०१८चा, रॅमच्या दोन पट्ट्या बसतात, कीबोर्ड दणकट. इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचा मात्र घेऊ नका: विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही. बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी असते.

जुना गेमिंग लॅपटॉप मी कुणालाच सुचवत नाही. तो किती तापवला गेला आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

शेवटी काय घेतलं

आम्ही जाडा घेतला. पहिल्या दिवशी भाचा थोडा नाराजच होता, मित्रांपुढे आय७ सांगता येणार नाही म्हणून. दुकानातच डबा उघडून चालू केला, पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून मेलेले ठिपके शोधले, सगळी बटणं दाबून पाहिली, बिलावरचा आणि मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर जुळवला, बिलावर जीएसटी वेगळा दाखवलाय ना ते पाहिलं. अपघाती नुकसानीची वॉरंटी वेगळे पैसे भरून घेतली, कारण हॉस्टेलच्या खोलीत चौघं राहतात आणि चहाचे कप जमिनीवर असतात.

पुढच्या मे महिन्यात तो बार्शीला होता. दुपारी दोन वाजता, माळवदाच्या खोलीत, पंख्याखाली बसून त्याने मला व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेरा फिरवून पडदा दाखवला. सायबरपंक चालू होता, ग्राफिक्स मध्यम, डीएलएसएस (छोटं चित्र काढून ते मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) चालू, कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा साठच्या आसपास हलत होता. लॅपटॉपच्या मागे उंचीसाठी त्याने आजीचं पोळपाट ठेवलं होतं.